चिकित्सक सिद्धांत वाचायला सुरुवात कशी करावी

समाजशास्त्र, साहित्य किंवा माध्यमे यांचा अभ्यास करू लागलेल्या माणसाला 'चिकित्सक सिद्धांत' (critical theory) हा शब्दप्रयोग फार लवकर भेटतो आणि बहुधा अर्धवटच भेटतो. एका लेखात 'संस्कृतिउद्योग' हा शब्द येतो, दुसऱ्यात 'साधनात्मक विवेक' येतो, तिसऱ्यात थिओडोर अडॉर्नो या जर्मन तत्त्वज्ञाचे एखादे कठोर वाक्य संदर्भ तोडून दिलेले असते, आणि वाचणाऱ्याची समजूत अशी होते की ही मंडळी सगळ्याच गोष्टींवर नाराज होती आणि ती नाराजी त्यांनी अवघड भाषेत लिहून ठेवली. ही समजूत एकदा बसली की पुढचे वाचन वाया जाते. म्हणून या लेखात एक क्रम सुचवला आहे: आधी शब्द, मग काळ, मग एक निबंध, मग त्यातली पद्धत, आणि त्यानंतर अगदी रोजच्या वापरातली एखादी वस्तू समोर ठेवून प्रत्यक्ष सराव. रोज तासभर दिला तर दोन-अडीच महिन्यांत एवढे होते. घाई केली तर संज्ञा पाठ होतात आणि विचाराची रीत हातातून निसटते. या परंपरेत जे खरोखर मोलाचे आहे ते त्या रीतीतच आहे, असे माझे मत आहे, आणि हा सगळा लेख त्याच मतावर उभा आहे.

पहिली पायरी: शब्द नीट समजून घेणे

मराठीत 'टीका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोजच्या बोलण्यात टीका म्हणजे दोष दाखवणे; जुन्या ग्रंथव्यवहारात टीका म्हणजे मूळ ग्रंथात शिरून त्याचा अर्थ उलगडणारे भाष्य. 'चिकित्सा' म्हणजे बारकाईने तपासणे, आणि वैद्याच्या हाती तोच शब्द निदान आणि उपचार असा अर्थ घेतो. नवख्या वाचकाने हे सगळे अर्थ जवळ ठेवावेत, कारण ज्या जर्मन शब्दावरून ही संज्ञा आली त्यालाही अशीच खोली आहे. कांटने 1781 मध्ये 'शुद्ध विवेकाची चिकित्सा' लिहिली तेव्हा त्याला विवेकाची निंदा करायची नव्हती. विवेकाला काय जाणता येते, कशाच्या आधारावर जाणता येते आणि त्याची हद्द कुठे संपते, हे त्याला ठरवायचे होते. मार्क्सने 1867 मध्ये 'भांडवल'चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याचे उपशीर्षक 'राजकीय अर्थशास्त्राची चिकित्सा' असे ठेवले. त्यातही त्याने अर्थशास्त्रज्ञांच्याच कल्पना हाती घेतल्या: बाजारात सगळे स्वतंत्र आहेत आणि समान मूल्याच्या वस्तूंची अदलाबदल करतात, हे त्यांचे म्हणणे मान्य करून, तसे असूनही एका बाजूला संपत्ती आणि दुसऱ्या बाजूला अभाव कसा साचत जातो हे त्याने दाखवले. चिकित्सक सिद्धांतातल्या 'चिकित्सा' या शब्दात कांटची हद्द तपासण्याची शिस्त आहे आणि मार्क्सची आतून उलगडण्याची रीतही आहे.

दुसरी गोष्ट व्याप्तीची. संकुचित अर्थाने ही संज्ञा जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेभोवती जमलेल्या विचारवंतांसाठी वापरतात. व्यापक अर्थाने स्त्रीवादी विचार, वसाहतोत्तर विचार, वंशभेदाचा अभ्यास आणि सत्ता व ज्ञान यांचे नाते तपासणारे फूकोसारखे लेखक हे सारे तिच्यात धरले जातात. सुरुवात संकुचित अर्थापासून करावी. व्यापक अर्थापासून सुरुवात करणारा वाचक एका महिन्यात वीस नावे गोळा करतो आणि त्यांतल्या एकाचेही म्हणणे सलग सांगू शकत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी पायरी: कोणत्या प्रश्नाने हे लोक अस्वस्थ झाले होते

ही संस्था 1923 मध्ये स्थापन झाली. तिचा पैसा फेलिक्स वाइल याच्या घराण्याचा होता, आणि तो धान्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातून आलेला होता. 1930 मध्ये माक्स होर्कहायमर संचालक झाला आणि जानेवारी 1931 च्या उद्घाटनाच्या व्याख्यानात त्याने संस्थेपुढचे काम मांडले. समाजाचे आर्थिक जीवन, व्यक्तींच्या मनाची घडण आणि संस्कृतीतले बदल या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हा त्याचा प्रश्न होता. हे तीन धागे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पुढे कोणताही लेखक वाचताना तो यांपैकी कोणता धागा ओढतो आणि कोणता सोडतो हे पाहिले की अर्धी वाट सोपी होते.

हा प्रश्न अभ्यासिकेत बसून सुचलेला नव्हता. जर्मनीत कामगारांची संघटना मोठी होती, डाव्या पक्षांना लाखो मते पडत होती, आणि तरीही हुकूमशाहीची ओढ वाढत होती. ज्यांचे हित बदलात आहे तीच माणसे आपल्या हिताच्या विरुद्ध का उभी राहतात? संस्थेतला मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम याने 1929 मध्ये कामगार आणि कारकून वर्गाची पाहणी सुरू केली. तिच्या प्रश्नावलीत 271 प्रश्न होते, सुमारे 3300 प्रती वाटल्या गेल्या, आणि पुढच्या पळापळीतून वाचलेल्या 584 प्रतींवर विश्लेषण झाले. मत कोणाला देता एवढेच त्यात विचारलेले नव्हते. मुलांना मारल्याशिवाय वाढवता येते का, विवाहित स्त्रीने नोकरी करावी का, असेही प्रश्न होते, आणि उत्तरे ज्याच्या त्याच्या शब्दांत नोंदवली जात होती. निष्कर्ष चिंताजनक होता: राजकीय प्रश्नांवर क्रांतीची भाषा बोलणाऱ्या अनेकांची उत्तरे घर, मुले आणि अधिकार यांच्याकडे वळताच हुकूमशाही वळणाची होत होती. माणसाचे जाहीर मत आणि त्याच्या मनाची घडण यांत फट असू शकते, हे इथे कागदावर उतरले. मानसशास्त्र या परंपरेत का शिरले, फ्रॉइड मार्क्सच्या शेजारी का येऊन बसला, याचे उत्तर या एका पाहणीत सापडते.

1933 मध्ये नाझींनी संस्था बंद केली. ती आधी जिनिव्हाला आणि मग न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या आश्रयाला गेली. संस्थेसाठी लिहिणाऱ्या वाल्टर बेन्यामिन या समीक्षकाला मात्र युरोपातून बाहेर पडता आले नाही. सप्टेंबर 1940 मध्ये स्पेनच्या सीमेवरच्या पोर्टबू या गावी त्याने जीव दिला. या लिखाणातला काळोख हा कुणाच्या स्वभावाचा भाग नव्हता, हे वाचताना विसरू नये.

तिसरी पायरी: एकच निबंध, तीनदा

सुरुवातीचा निबंध म्हणून होर्कहायमरचा 1937 मधला 'पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांत' घ्यावा. संज्ञेला नाव मिळाले ते इथे. पहिल्या वाचनात थांबू नये, काही कळले नाही तरी शेवटापर्यंत जावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो 'पारंपरिक' बाजूबद्दल आहे की 'चिकित्सक' बाजूबद्दल एवढीच खूण करावी. तिसऱ्या वाचनात फक्त चिकित्सक बाजूचे परिच्छेद वाचून त्यांचा सारांश आपल्या शब्दांत लिहावा.

निबंधाचा गाभा एका उदाहरणाने सांगता येईल. समजा, एखाद्या कारखान्यात दर तासाला किती नग तयार होतात आणि ते प्रमाण कसे वाढेल, याचा अभ्यास एक संशोधक करतो आहे. तो मोजमाप घेतो, प्रकाश, विश्रांती, पगार यांचे परिणाम तपासतो, नियम बांधतो आणि पुढचे भाकीत करतो. होर्कहायमर याला पारंपरिक सिद्धांत म्हणतो, आणि त्याचा उपयोग तो नाकारत नाही. तो इतकेच विचारतो की 'नग वाढले पाहिजेत' हे उद्दिष्ट कोणी ठरवले, ते संशोधकाला निसर्गनियमासारखे दिलेले का वाटते, आणि संशोधकाचे स्वतःचे काम त्याच श्रमविभागणीचा भाग आहे हे त्याच्या सिद्धांतात कुठे दिसते. आपल्या इंद्रियांना दिसणाऱ्या गोष्टी दोन बाजूंनी समाजाने घडवलेल्या असतात, असे तो म्हणतो: जी वस्तू दिसते तिला इतिहास असतो आणि जे डोळे पाहतात त्यांनाही इतिहास असतो. या वाक्यावर रेंगाळावे. कारखान्यातला 'तास' हा एकक मानूनच संशोधक मोजू लागतो. पण कामाचा दिवस घड्याळाच्या सारख्या तुकड्यांत मोडणे ही स्वतः एक घडलेली गोष्ट आहे, आणि तिला सहज मानण्याची आपली सवयही घडलेलीच आहे.

इथे नवख्या वाचकाची हमखास एक चूक होते. चिकित्सक सिद्धांत आकडेवारीच्या किंवा विज्ञानाच्या विरोधात आहे, असे त्याला वाटू लागते. फ्रॉमची प्रश्नावली आठवावी, म्हणजे हा गैरसमज टिकणार नाही. विरोध मोजण्याला नाही. मोजताना जे गृहीत धरले गेले त्याच्याबद्दल मौन पाळण्याला आहे. आणखी एक फरक उद्दिष्टाचा आहे. समाज कसा चालतो हे सांगून हा सिद्धांत थांबत नाही, माणसांना जखडून ठेवणाऱ्या परिस्थितीतून त्यांची सुटका व्हावी ही इच्छा तो उघडपणे बाळगतो. ती लपवून तटस्थतेचा आव आणण्यापेक्षा ती सांगून टाकणे त्याला अधिक प्रामाणिक वाटते, आणि मलाही तसेच वाटते.

चौथी पायरी: अंतर्गत चिकित्सा

पद्धतींपैकी एकच शिकायची असेल तर ही शिकावी. बाहेरून आणलेल्या मापाने एखाद्या संस्थेला नापास करणे सोपे असते, आणि त्याला उत्तर देणेही सोपे असते: 'ते तुमचे माप आहे, आमचे नाही.' अंतर्गत चिकित्सा त्या संस्थेने स्वतःच दिलेले वचन माप म्हणून वापरते. त्यासाठी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. ही संस्था, ही प्रथा किंवा ही कलाकृती स्वतःबद्दल काय वचन देते? प्रत्यक्षात काय घडते? आणि या दोहोंतले अंतर चुकून पडले आहे की संस्था ज्या रीतीने टिकून राहते त्या रीतीतच ते अटळ आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर थांबलो तर हाती फक्त ढोंगाचा आरोप उरतो. नोकरीचा करार हे उदाहरण घेऊ. करार दोन स्वतंत्र व्यक्तींमध्ये होतो, दोघांच्या सह्यांना सारखीच किंमत असते, आणि कोणालाही सही करण्याची सक्ती नसते. हे वचन आहे. प्रत्यक्षात एका पक्षाला महिनाभर थांबता येते, दुसऱ्याला पुढच्या महिन्याचे भाडे भरायचे असते. आता तिसरा प्रश्न. या विषमतेसाठी कोणी दुष्ट असण्याची गरज आहे का? नाही. मालक सज्जन असला, कायदा काटेकोर पाळला गेला, तरीही ज्याच्याजवळ श्रमाखेरीज विकण्यासारखे काही नाही त्याची 'संमती' वेगळ्याच वजनाची राहते, आणि सगळा व्यवहार त्या वेगळ्या वजनावरच चालतो.

याच ठिकाणी 'विचारप्रणाली' (ideology) या शब्दाचा अर्थही नीट उमगतो. कराराचे स्वातंत्र्य हे निव्वळ खोटे नाही. वेठबिगारी आणि जन्माने ठरलेली चाकरी यांच्या तुलनेत ती फार मोठी कमाई होती. विचारप्रणालीत सत्य आणि असत्य एकमेकांत विणलेले असतात; तिच्यातले सत्य टाकून दिले तर ज्या आधारावर उभे राहून तपासायचे तो आधारच जातो. वचन खरे आहे म्हणूनच ते अपुरे राहणे टोचते.

पाचवी पायरी: एक वस्तू जवळून पाहणे

अडॉर्नो आणि होर्कहायमर यांनी अमेरिकेतल्या वनवासात 'प्रबोधनाचे द्वंद्व' हे पुस्तक लिहिले. ते 1944 मध्ये मोजक्या चक्रमुद्रित प्रतींत निघाले आणि 1947 मध्ये अॅमस्टरडॅमला छापले गेले. त्यातले संस्कृतिउद्योगावरचे प्रकरण सर्वाधिक वाचले जाते आणि सर्वाधिक चुकीचेही वाचले जाते. अडॉर्नोने पुढे सांगितले आहे की मसुद्यात त्यांनी 'जनसंस्कृती' हा शब्द वापरला होता, आणि तो मुद्दाम काढला. कारण त्या शब्दाने ही संस्कृती जनतेतून आपसूक उगवली असा भास झाला असता. 'उद्योग' म्हणण्यातला रोख लोकांच्या अभिरुचीवर नाही. ती अभिरुची ज्या रीतीने आखली, पुरवली आणि मोजली जाते, त्या रीतीवर तो आहे. 1941 मधल्या लोकप्रिय संगीतावरच्या लेखात अडॉर्नोने दोन उपयुक्त संज्ञा दिल्या: प्रमाणीकरण आणि आभासी वैयक्तिकता. गाण्याचा साचा ठरलेला असतो, आणि त्यावर एखादी वेगळी हरकत, एखादा वेगळा आवाज असा मुलामा असतो, ज्यामुळे ऐकणाऱ्याला आपण निवड केली असे वाटते.

आता सराव. फोनमधल्या गाण्यांच्या ॲपने 'तुमच्यासाठी' म्हणून तयार केलेली यादी उघडावी आणि तिच्याकडे एक दस्तऐवज म्हणून पाहावे. पहिल्या वीस गाण्यांची नावे वहीत उतरवावीत. प्रत्येकापुढे त्याची लांबी लिहावी, गायकाचा आवाज कितव्या सेकंदाला सुरू होतो ते लिहावे, ध्रुवपद पहिल्यांदा कधी येते ते लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि तरी करावे, कारण संज्ञा लावण्याआधी वस्तू दिसली पाहिजे. बहुतेकांना दुसऱ्या पानापर्यंत काहीतरी दिसू लागते: गाणी वेगवेगळ्या भाषांतली, वेगवेगळ्या दशकांतली असूनही त्यांच्या सुरुवाती सारख्या वाटतात, किंवा उलट, ज्याची अपेक्षा होती तो सारखेपणा सापडतच नाही. जे दिसेल तेच लिहावे.

मग तीन प्रश्न. वचन यादीच्या नावातच आहे: ही निवड तुमची, तुमच्या आवडीची. प्रत्यक्ष व्यवहार पाहताना विचारावे की 'आवड' म्हणजे इथे काय धरले आहे. गाणे पूर्ण ऐकले, मध्येच पुढे ढकलले, पुन्हा लावले, या हालचाली मोजता येतात. एखादे गाणे ऐकून मन भरून आले आणि आपण फोन बाजूला ठेवून गप्प बसलो, तर ती क्षणभराची शांतता यंत्राच्या दृष्टीने कंटाळ्यासारखीच दिसेल. शिवाय यादी आपल्या मागच्या ऐकण्यावरून बनते आणि आपले पुढचे ऐकणे यादीवरून घडते, त्यामुळे काही महिन्यांनी आवड हे या फेऱ्याचे कारण आहे की फलित, हे सांगणे अवघड होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्यवसायाच्या स्वरूपात शोधावे: वर्गणी आणि जाहिराती यांवर चालणाऱ्या सेवेला माणसे टिकून राहायला हवी असतात, आणि लाखो माणसांच्या आवडी एकमेकींशी तुलना करता येतील अशा एककांत हव्या असतात. 'तुमच्यासाठी' हे वचन आणि 'सर्वांना एकाच मापाने मोजणे' ही गरज एकाच यंत्रणेत नांदतात.

सराव इथे संपवू नये. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा पुरावा शोधावा: याच यादीने कधी असे गाणे पुढे आणले का, ज्याने कानाची सवय मोडली, ज्याच्यामुळे एखादी अनोळखी परंपरा आयुष्यात आली? आले असेल तर ते प्रामाणिकपणे लिहावे. इथेच बेन्यामिनचा निबंध वाचायला घ्यावा. यांत्रिक पुनर्निर्मितीच्या युगातल्या कलाकृतीवरचा तो निबंध 1936 मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात फ्रेंचमध्ये आला. कलाकृतीच्या प्रती निघू लागल्यावर तिच्याभोवतीचे वलय, तिचे दूरत्व आणि एकमेवपण विरते, असे तो म्हणतो. पण या विरण्यात त्याला केवळ हानी दिसत नाही, चित्रपट पाहणाऱ्या समूहाच्या दृष्टीत नवी, तपासणारी सवय येऊ शकते असेही त्याला वाटते. अडॉर्नोने त्याला पत्र लिहून यावर गंभीर आक्षेप घेतले. दोघेही मित्र होते, दोघांची चिंता एकच होती, आणि उत्तरे वेगळी होती. नवख्या वाचकाने यांतली एक बाजू घेण्याची घाई करू नये. आपल्या वीस गाण्यांच्या वहीवर दोन्ही म्हणणी ठेवून कोणते कुठे पटते ते पाहावे.

सहावी पायरी: मोजून वाचणे

एका वस्तूवरून निघालेला निष्कर्ष किती टिकतो, हे तपासायला याच संस्थेतल्या लिओ लोवेंथालचा 1944 मधला अभ्यास उत्तम धडा आहे. अमेरिकेतल्या दोन लोकप्रिय साप्ताहिकांत 1901 ते 1941 या काळात छापलेली चरित्रे त्याने तपासली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चरित्रनायक बहुधा उद्योग, राजकारण, विज्ञान किंवा गंभीर कला या क्षेत्रांतले होते. पुढे मनोरंजन आणि खेळ यांतली माणसे ती जागा घेऊ लागली. पहिल्यांना त्याने उत्पादनाच्या मूर्ती म्हटले आणि दुसऱ्यांना उपभोगाच्या मूर्ती. मोजणीवर न थांबता त्याने भाषाही वाचली: नव्या चरित्रांत नायकाने काय घडवले यापेक्षा तो काय खातो, सुट्टीत काय करतो, त्याचे छंद कोणते, याला जागा मिळते, आणि यश हे कष्टाचे फळ राहत नाही, ते घडून गेलेले भाग्य होते.

हीच रीत लहान प्रमाणावर वापरता येते. एकाच प्रकारचा मजकूर घ्यावा, उदाहरणार्थ नोकरीच्या जाहिराती, मृत्युलेख किंवा शालेय पुस्तकांतले धडे. दोन वेगळे काळ घ्यावेत. प्रत्येकातून तीस-चाळीस नमुने घ्यावेत. आधी मोजावे आणि मग विशेषणे वाचावीत. पन्नास वर्षांपूर्वीच्या जाहिरातीत 'टंकलेखनाचा वेग' मागितला जात असेल आणि आजच्या जाहिरातीत 'उत्साही, आव्हाने स्वीकारणारी व्यक्ती' मागितली जात असेल, तर कौशल्याकडून स्वभावाकडे सरकलेल्या या मागणीत आर्थिक जीवन आणि मनाची घडण हे दोन धागे एकत्र येताना दिसतील.

एक सावधगिरी. 1950 मध्ये अडॉर्नो, एल्झे फ्रेंकेल-ब्रुन्स्विक, डॅनियल लेव्हिन्सन आणि नेव्हिट सॅनफर्ड यांचा 'अधिकारवादी व्यक्तिमत्त्व' हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या प्रसिद्ध मापनपट्टीची सगळी विधाने एकाच दिशेने रचलेली होती, त्यामुळे कशालाही 'हो' म्हणण्याची सवय असलेला माणूस अधिकारवादी ठरण्याचा धोका होता, हा आक्षेप रास्त आहे. आपली मोजणी करताना ती आपल्याला हवे तेच उत्तर देण्यासाठी रचलेली नाही ना, हे एखाद्या मित्राकडून तपासून घ्यावे.

सातवी पायरी: घरातली भांडणे ऐकणे

या परंपरेला एकमताचा संप्रदाय समजणे ही मोठी चूक ठरेल. तिचे सर्वांत कठोर आक्षेपक तिच्याच घरातले आहेत. 'प्रबोधनाचे द्वंद्व' सांगते की निसर्गाच्या भीतीतून सुटण्यासाठी माणसाने विवेकाला हत्यार बनवले, आणि तेच हत्यार पुढे माणसांवर, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या अंतर्मनावरही, चालू लागले. हेतू कोणता असावा हे न विचारता तो कमीत कमी खर्चात कसा साधेल एवढेच पाहणारा हा साधनात्मक विवेक होय. या परंपरेच्या पुढच्या पिढीतल्या युर्गेन हाबरमासने यावर विचारलेला प्रश्न साधा आणि अचूक आहे: विवेकच जर वर्चस्वाचे साधन झाला असेल, तर हे सांगणारी चिकित्सा कोणत्या विवेकाच्या जोरावर बोलते? त्याचे स्वतःचे उत्तर असे की विवेक फक्त साधनात्मक नसतो. माणसे एकमेकांना समजून घेण्यासाठी बोलतात, कारणे मागतात आणि देतात, त्या व्यवहारातही तो असतो. 1962 मध्ये त्याने अठराव्या शतकातली कॉफीगृहे, बैठका आणि वृत्तपत्रे यांतून घडलेल्या सार्वजनिक क्षेत्राचा इतिहास लिहिला, आणि 1981 मध्ये संवादी कृतीचा सिद्धांत दोन खंडांत मांडला.

हाबरमासवर नॅन्सी फ्रेझर या स्त्रीवादी तत्त्वज्ञ लेखिकेचे दोन लेख लगेच वाचावेत. 1985 च्या लेखात ती दाखवते की अर्थव्यवहार एकीकडे आणि घरगुती जीवन दुसरीकडे अशी त्याची विभागणी केली, की घरातले श्रम आणि घरातली सत्ता नजरेआड होते. 1990 च्या लेखात ती सांगते की तो आदर्श सार्वजनिक चर्चेचा कट्टा स्त्रिया आणि कष्टकरी यांना वगळून उभा होता, आणि वगळलेल्यांनी स्वतःचे प्रति-सार्वजनिक कट्टे उभारले होते. अंतर्गत चिकित्सा कशी करावी याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही: ती हाबरमासचेच वचन, सर्वांना खुली असलेली चर्चा, हाती घेऊन त्याच्याच मांडणीकडे परत येते. अॅक्सेल होनेथने 1992 मध्ये अन्यायाचे मूळ मान्यता नाकारली जाण्यात शोधले, आणि 2003 मध्ये तो आणि फ्रेझर यांनी, न्याय म्हणजे पुनर्वाटप की मान्यता, यावर एकत्र पुस्तक काढून वाद घातला. अॅमी अॅलनने 2016 मध्ये प्रगतीच्या कल्पनेत दडलेला युरोपचा वसाहतवादी आत्मविश्वास तपासला.

संस्कृतीच्या बाजूने स्टुअर्ट हॉलचा 1973 मधला निबंध घ्यावा. संदेश रचणाऱ्याने त्यात जो अर्थ भरला तोच ऐकणारा घेईल असे नाही. तो तसाच स्वीकारेल, काही अंशी वळवेल किंवा उलटही वाचेल. अडॉर्नोचे जाझवरचे लिखाण मला कमकुवत वाटते ते याच कारणाने. ते संगीत कोणी, कोणत्या वेदनेतून निर्माण केले आणि ऐकणाऱ्यांनी त्याचे काय केले, याकडे त्याने लक्षच दिले नाही.

विचार आणि कृती यांच्या नात्यावरही घरात तट पडले. जानेवारी 1969 मध्ये आंदोलन करणारे विद्यार्थी फ्रँकफर्टला परतलेल्या या संशोधन संस्थेच्या इमारतीत शिरले आणि अडॉर्नोने पोलीस बोलावले. संस्थेतला जुना सहकारी हर्बर्ट मार्क्यूज त्या वेळी विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलत होता, आणि त्या दोघांत त्यावर झालेला पत्रव्यवहार दोन वृद्ध मित्रांचा आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अडॉर्नो वारला.

आठवी पायरी: स्वतः लिहिणे

वाचनाबरोबर लेखन झाले नाही तर हे सगळे उपरे राहते. दोन पानांचा मजकूर लिहावा. पहिल्या परिच्छेदात फक्त वस्तूचे वर्णन असावे, एकही संज्ञा नसावी. मग वचन, व्यवहार आणि अंतराचे कारण. मग विरोधी पुरावा. मग स्वतःची जागा: ही वस्तू मी वापरतो का, तिच्यातून मला काय मिळते, तिच्यावर लिहिण्याची सवड मला कुणाच्या श्रमांमुळे मिळाली? ही शेवटची कलमे गाळली की मजकूर न्यायाधीशाच्या खुर्चीतून लिहिल्यासारखा होतो. 'भांडवलशाही हे करते', 'समाज ते लादतो' अशी वाक्ये आली की थांबून कर्ता शोधावा: कोण, कोणत्या नियमाने, कोणत्या कागदावर, कोणत्या वेळी?

वर्णन किती जवळून करावे याचा नमुना अडॉर्नोच्या 1951 मधल्या 'मिनिमा मोरालिया'त आहे. हानी झालेल्या जीवनावरचे 153 छोटे तुकडे त्यात आहेत. त्यांपैकी एकोणिसावा दारांबद्दल आहे. मोटारीचे आणि शीतकपाटाचे दार आपटून लावावे लागते, काही दारे आपोआप बंद होतात, आणि त्यामुळे दार हलक्या हाताने, आवाज न करता, तरी घट्ट लावण्याची सवय माणसे विसरत चालली आहेत, असे तो लिहितो. वस्तू आपल्याकडून जी हालचाल मागते तिच्यातच एक आडदांडपणा शिकवला जातो. होर्कहायमरच्या निबंधातले इंद्रियांना इतिहास असतो हे अमूर्त विधान इथे मनगटात उतरलेले दिसते. दोन पानांचा मजकूर लिहिण्याच्या दिवसांत या पुस्तकातला रोज एकच तुकडा वाचावा, त्यातली वस्तू कोणती ते समासात लिहावे, आणि मजकूर पूर्ण झाल्यावर महिनाभर बाजूला ठेवावा. महिन्याने तो उघडताना वीस गाण्यांची वही शेजारी असू द्यावी आणि यादी नव्याने काढून आधीच्या यादीशी ताडून पाहावी. जी गाणी दोन्हीकडे आहेत त्यांच्यापासून पुढचा मजकूर सुरू करावा.